नोकरीतील आजारपण आणि रुग्णता निवृत्तिवेतन

नोकरदार कुटुंबाच्या संसाराचा हिशेब बहुधा एका तारखेला धरून मांडलेला असतो. ती तारीख म्हणजे कर्त्या माणसाच्या सेवानिवृत्तीची. तोवर मुलांची शिक्षणे उरकावयाची, घराचे हप्ते फेडावयाचे, मुलीचे लग्न करावयाचे, आणि मग दरमहा येणाऱ्या पेन्शनवर उतारवय सुखाने घालवावयाचे, असा सर्वांचा मनोदय असतो. ह्या हिशेबात एक गोष्ट सहसा धरलेली नसते. ती ही की, मनुष्याचे शरीर सरकारी कॅलेंडर पाहून थकत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात होतो, पन्नासाव्या वर्षी हृदय दगा देते, एखाद्याची दृष्टी हळूहळू जाते, एखाद्याच्या मनाचाच तोल सुटतो. निवृत्तीचे वय तेरा वर्षे दूर असते आणि काम करण्याची शक्ती मात्र आजच संपलेली असते.

अशा वेळी घरात पहिला विचार येतो तो डॉक्टरांचा व औषधांचा, आणि तो योग्यच आहे. दुसरा विचार येतो तो नोकरीचा. रजा संपत आलेली असते, कचेरीतून पत्रे येऊ लागलेली असतात, आणि आजारी मनुष्य स्वाभिमानाने किंवा वैतागाने म्हणतो, "झाले एवढे पुरे, राजीनामा देऊन टाकतो." घरातील मंडळीही त्याच्या जिवाला विश्रांती मिळावी म्हणून त्यास विरोध करीत नाहीत. परंतु पुष्कळ कुटुंबांचे मोठे व भरून न येणारे नुकसान होते ते ह्याच क्षणी. कारण नोकरी सोडण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा कायदेशीर परिणाम अगदी निराळा आहे.

केंद्र सरकारच्या नोकराचे उदाहरण प्रथम घेणे सोयीचे होईल. राजीनामा दिला की मागील सर्व सेवा जप्त होते, असा निवृत्तिवेतनाच्या नियमांचा स्पष्ट दंडक आहे. १९७२ च्या केंद्रीय नियमांत तो होता आणि २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नव्या नियमांतही तो कायम आहे. जनहितार्थ राजीनामा परत घेण्याची मुभा काही अटींवर असते; पण ती कृपा आहे, हक्क नव्हे. अठरा वर्षे इमानेइतबारे नोकरी केलेला मनुष्य आजारपणाने त्रासून चार ओळींचा राजीनामा लिहितो, तेव्हा त्या चार ओळींनी तो अठरा वर्षे पुसून टाकीत असतो. राजीनामा व स्वेच्छानिवृत्ती ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या खटल्यांत पुन्हा निक्षून सांगितले. राजीनामा देणाऱ्याने मागाहून "माझा हेतू निवृत्तीचा होता" असे म्हटल्याने त्याचा निभाव लागत नाही.

दुसरा मार्ग स्वेच्छानिवृत्तीचा. त्यास केंद्रीय नियमांनुसार किमान वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. ज्याची सेवा तितकी झाली आहे त्यास हा मार्ग मोकळा आहे. पण आजार काही वीस वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहत नाही.

तिसरा मार्ग ह्याच प्रसंगासाठी मुद्दाम बांधलेला आहे. त्याचे नाव रुग्णता निवृत्तिवेतन. शारीरिक किंवा मानसिक दौर्बल्यामुळे जो नोकर सेवेस कायमचा असमर्थ झाला, त्यास निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच निवृत्त होऊन निवृत्तिवेतन घेता येते. ही कल्पना आजची नाही. इंग्रजी अमदानीतील मुलकी सेवा विनियमांतही ती होती, आणि त्या काळच्या नियमांची भाषा वाचली असता त्या काळची वृत्तीही दिसते. वैद्याने दाखल्यात रोगाचे नाव तर लिहावयाचेच, पण ही असमर्थता अनियमित किंवा व्यसनी राहणीमुळे आलेली दिसत नाही, असेही नमूद करावयाचे. नुसते "वय झाले, शरीर झिजले" असे लिहिलेला दाखला पुरेसा मानला जात नसे. सरकार पेन्शन देई ते उदार धन्याप्रमाणे, आणि घेणाऱ्याने आपण त्यास पात्र आहोत हे नम्रतेने सिद्ध करावे, अशी ती दृष्टी होती.

ती दृष्टी स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी बदलली. निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिशी नसून ती नोकराची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद ह्यांच्या खटल्यात सांगितले. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याच्या निकालात तोच विचार अधिक विस्ताराने मांडला गेला. निवृत्तिवेतन हे गतकाळी केलेल्या सेवेचे फळ आहे आणि उतारवयात माणसाला मानाने जगता यावे हा त्याचा हेतू आहे, असा त्या निकालाचा आशय. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही आपला दिवस म्हणून पाळतात तो ह्यामुळेच. आजाराने नोकरी सोडावी लागणाऱ्या माणसाने हे पक्के ध्यानात ठेवावे. तो कोणाच्या दारी काही मागावयास गेलेला नसतो. आधीच कमावलेली वस्तू तो थोडी लवकर हाती घेत असतो, इतकेच.

दीर्घकाळपर्यंत ह्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. दहा वर्षांची सेवा झाली नसेल तर निवृत्तिवेतन नाही, केवळ एकरकमी उपदान, असा नियम होता. म्हणजे नोकरीस लागून सातव्या वर्षी ज्याचे दोन्ही डोळे गेले, त्या तरुणास आयुष्यभराचा आधार नाही. आधार ज्याला सर्वांत जास्त काळ लागणार, त्यालाच तो नाकारला जाई. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त केला आणि नेमणुकीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत योग्य ठरलेल्या नोकरास दहा वर्षांच्या आतही रुग्णता निवृत्तिवेतन देण्याची सोय केली. ज्याची सेवा दहा वर्षांहून अधिक आहे, त्यास केंद्रीय नियमांप्रमाणे वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते.

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येईल. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरांना, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना, जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी वर्गणीवर आधारलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली. मग त्यांचे काय? ज्याच्या खात्यात जेमतेम आठ वर्षांची वर्गणी साठली आहे, त्याच्या आजारपणात त्या रकमेतून असे किती निवृत्तिवेतन निघणार? ही अडचण सरकारलाही नाकारता आली नाही. केंद्राने २००९ मध्ये तात्पुरत्या आदेशाने, आणि मार्च २०२१ च्या नियमांनी कायमच्या स्वरूपात, अशा नोकरांना मृत्यू किंवा रुग्णता ह्या प्रसंगी जुन्या नियमांचे लाभ निवडण्याचा विकल्प दिला. तो स्वीकारला असता खात्यातील सरकारी वर्गणी व तिच्यावरील वाढ सरकारकडे परत जाते, स्वतःची वर्गणी नोकरास मिळते, आणि निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीने सुरू होते. महाराष्ट्र शासनानेही ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने आपल्या अशा कर्मचाऱ्यांस रुग्णता निवृत्तिवेतन व कुटुंब निवृत्तिवेतन लागू केले. हा विकल्प लेखी नोंदवावयाचा असतो. तो कागद सेवापुस्तकात आहे की नाही, हे निरोगी असतानाच पाहून ठेवणे शहाणपणाचे होय.

तथापि, रुग्णता निवृत्तिवेतनाचा अर्ज करण्यापूर्वी आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. नोकरी सोडणे खरोखर आवश्यक आहे काय? कित्येकदा मनुष्य एका कामास असमर्थ होतो, पण सर्वच कामांस नव्हे. ज्याचा पाय गेला तो शिपाई पहारा करू शकणार नाही, पण टेबलावरचे काम करू शकेल. संसदेने १९९५ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हे तत्त्व घातले आहे. सेवेत असताना ज्यास अपंगत्व आले, त्यास कोणतीही सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा त्याचा हुद्दा उतरवू शकत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर त्यास दुसरे काम द्यावयाचे. तसे पदच नसेल तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, त्यावर त्यास ठेवावयाचे. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले असून त्यांत मानसिक आजारही आहे.

ह्या संरक्षणाचा अर्थ एका खटल्याने फार चांगला उलगडला. केंद्रीय दलातील एका शिपायाचा डावा पाय कर्तव्यावर असताना झालेल्या इजेमुळे कापावा लागला. वैद्यकीय मंडळाने त्यास असमर्थ ठरविले आणि रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठविण्यात आले. तो न्यायालयात गेला. सरकारचे म्हणणे असे की, निवृत्तिवेतन मिळाले आहे, आता तक्रार कसली? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या निकालात हे म्हणणे फेटाळले. रुग्णता निवृत्तिवेतन मिळाले एवढ्यावरून नोकरीत राहण्याचा हक्क नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. तेव्हा कचेरीने "तुम्ही आजारी आहात, पेन्शन घ्या आणि जा" असे सुचविले, म्हणून ते मान्य केलेच पाहिजे असे नाही. पूर्ण वेतन व अर्धे निवृत्तिवेतन ह्यांतील अंतर तेरा वर्षांच्या हिशेबात लहान नसते.

आता खाजगी क्षेत्राकडे वळले पाहिजे, कारण शहरांतील बहुसंख्य नोकरदार तेथे आहेत. तेथे वरील अधिनियमाचे ते विशेष संरक्षण नाही. उलट दीर्घ आजारपणामुळे नोकरास कमी केले तर ती कायद्याच्या अर्थाने कपात मानली जात नाही, आणि म्हणून कपातीची भरपाईही मिळत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसा अपवाद होता आणि नव्या संहितेतही तो ठेवला आहे. खाजगी नोकरीतील आजारी माणसास म्हणून आपल्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाची माहिती अधिकच आवश्यक आहे.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या वर्गणीपैकी वेतनाच्या शेकडा ८.३३ इतका भाग जातो. १ सप्टेंबर २०१४ रोजी ह्यासाठी वेतनाची मर्यादा दरमहा १५,००० रुपये ठरली. म्हणजे महिन्याकाठी अधिकांत अधिक १,२५० रुपये त्या निधीत पडू लागले. निवृत्तिवेतनाचे गणित सोपे आहे. निवृत्तिवेतनयोग्य वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे. सेवा चौदा वर्षे व वेतन १५,००० रुपये धरले तर दरमहा ३,००० रुपये येतात.

ह्या योजनेत अठ्ठावन्न वर्षांच्या आत निवृत्तिवेतन घेण्याची दोन दारे आहेत आणि ती सर्वांच्या ध्यानी असत नाहीत. पहिले दार पन्नाशीनंतरच्या मुदतपूर्व निवृत्तिवेतनाचे. त्यास दहा वर्षांची सेवा लागते, आणि अठ्ठावन्नास जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षाला शेकडा ४ प्रमाणे निवृत्तिवेतन घटते. पन्नासाव्या वर्षीच घेतले तर सुमारे तीन दशांश भाग कायमचा जातो. पुढे अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून तो परत मिळत नाही. दुसरे दार कायमच्या व पूर्ण असमर्थतेचे. त्यास दहा वर्षांची अट नाही. किमान एका महिन्याची वर्गणी भरलेली असली की पुरे. वयाची अट नाही आणि शेकडा ४ ची घटही नाही. शिवाय असमर्थता कामावर असतानाच आली पाहिजे असेही नाही. कारखान्यात झालेला अपघात असो की घरी आलेला झटका असो, असमर्थ होण्याच्या वेळी जी कामे करता येत होती ती सर्व करणे आता अशक्य झाले आहे, एवढे वैद्यकीय मंडळापुढे सिद्ध व्हावे लागते. मात्र एक अट कडक आहे. ही असमर्थता नोकरी चालू असताना आलेली असली पाहिजे.

आजारपणात राजीनामा देण्याची घाई का करू नये, ह्याचे उत्तर ह्या एका अटीत आहे. राजीनामा आधी व वैद्यकीय तपासणी मागून, असा क्रम झाला की असमर्थता नोकरीतच आली होती हे दाखविण्याचा बोजा आजारी माणसावर पडतो. चौदा वर्षांची सेवा असलेला पन्नाशीचा मनुष्य असमर्थतेच्या दाराने गेला तर त्यास वरील उदाहरणातील ३,००० रुपये मिळतात. अज्ञानाने मुदतपूर्व निवृत्तिवेतनाचा अर्ज भरला तर सुमारे २,१०० रुपये, आणि तेही आयुष्यभर. ज्याची सेवा दहा वर्षांहून कमी आहे, त्याने पैशाच्या निकडीने निवृत्तिवेतन निधीतील रक्कम एकदम काढून घेतली, तर असमर्थतेच्या निवृत्तिवेतनाचा हक्कच संपतो. दोन्ही रकमा तुटपुंज्या आहेत, ह्यात संशय नाही. २०१४ मध्ये ठरविलेले किमान निवृत्तिवेतन अवघे १,००० रुपये आहे, आणि ह्या महागाईत तेवढ्यावर एका माणसाचे औषधही भागत नाही. पण हे निवृत्तिवेतन त्या माणसाच्या पश्चात त्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून पुढे चालते; म्हणून रकमेकडे पाहून ते सोडून देणे हिताचे नाही.

भविष्य निर्वाह निधीची मूळ शिल्लक ही निराळी गोष्ट. १९५२ च्या योजनेत आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढण्याची सोय होती. महिनाभराचे रुग्णालयातील वास्तव्य, मोठी शस्त्रक्रिया, क्षय, कुष्ठ, पक्षाघात, कर्करोग, मनोविकार, हृदयविकार ही कारणे तीत नमूद होती. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने रक्कम काढण्याच्या तेरा निरनिराळ्या तरतुदींचे तीन गट करण्याचे ठरविले. आजारपण त्यांतील अत्यावश्यक गरजांच्या गटात आले. एरवी शेकडा २५ शिल्लक खात्यात ठेवावयाची, परंतु कायमची असमर्थता आल्यास सर्व रक्कम काढता यावी, असा तो निर्णय आहे. उपदानाच्या बाबतीतही असाच दिलासा आहे. एरवी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मृत्यू किंवा असमर्थता ह्या प्रसंगी ती अट गळून पडते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने चार वर्षांची नोकरी झालेले आजारी लोक उपदान मागतच नाहीत.

आजार सुरू होणे आणि निवृत्तिवेतन सुरू होणे ह्यांच्या मधला काळ सर्वांत बिकट असतो. ज्या कामगारांना राज्य विमा योजना लागू आहे, त्यांच्यासाठी तेथे आधार आहे. प्रा. बी. पी. आडारकर ह्यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला, त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात सुरू झाली. तीत साध्या आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा ७० आणि ठराविक ३४ दीर्घ आजारांत शेकडा ८० दराने, दोन वर्षांपर्यंत, रोख साहाय्य मिळते. जानेवारी २०१७ मध्ये ठरलेली वेतनाची मर्यादा २१,००० रुपये असल्यामुळे मध्यमवर्गातील पुष्कळजण तिच्या बाहेर राहतात. त्यांना साठलेल्या रजा व मालकाचे सौजन्य ह्यांवरच विसंबावे लागते. म्हणून वैद्यकीय रजा उधळू नये, असे वडीलधारी मंडळी सांगतात, त्यात तथ्य आहे.

ह्या सर्वांतून व्यवहारात उतरावयाचा क्रम असा निघतो. आजार दीर्घ आहे असे दिसताच रजेचा अर्ज करावा, राजीनाम्याचा नव्हे. प्रत्येक तपासणीचा कागद तारखेसह जपावा; कारण पुढे वैद्यकीय मंडळ रोगाचा इतिहास कागदांवरून वाचते, माणसाच्या चेहऱ्यावरून नव्हे. नंतर कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज करून सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी मागावी. सरकारी नोकरांत अधिकाऱ्यांसाठी बहुधा वैद्यकीय मंडळ असते व इतरांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक; खाजगी दवाखान्याचा दाखला कितीही मोठ्या डॉक्टरांचा असला तरी त्यांची जागा घेऊ शकत नाही. दाखल्यात "सर्व कामांस कायमचा असमर्थ" लिहिले आहे की "हलक्या कामास योग्य" लिहिले आहे, हे नीट वाचावे. दुसऱ्या प्रकारचा दाखला आला तर दुसरे काम मागण्याचा मार्ग उघडतो. निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घ्यावयाचे असतील, तर रुग्णतेमुळे निवृत्त झालेल्यास त्यासाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, हेही माहीत असावे.

हे सर्व करावयाचे असते ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाने नव्हे, तर त्याच्या घरच्यांनी. पण पुष्कळ घरांत भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक एकट्या कर्त्या माणसाला ठाऊक असतो, सेवापुस्तक कधी कोणी पाहिलेले नसते, आणि नामनिर्देशनात लग्नापूर्वी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिलेले असते. पक्षाघाताने ज्याची वाचा गेली, त्यास हे विचारावयाचे कसे? म्हणून पतिपत्नींनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासभर बसून हे कागद एकत्र लावावेत, नामनिर्देशन तपासावे, विकल्प नोंदविला आहे की नाही ते पाहावे, आणि मोठ्या मुलामुलींनाही ते कोठे ठेवले आहेत हे सांगून ठेवावे. ह्यात अशुभ असे काही नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा मनुष्य पावसाला बोलावणे पाठवीत नसतो.

कायद्याने आजारी नोकरदारासाठी केलेली व्यवस्था अपुरी आहे, सरकारी व खाजगी नोकरीत तिचे माप सारखे नाही, आणि ते सारखे व्हावे म्हणून लोकमताने झटले पाहिजे. परंतु जी व्यवस्था आज आहे, तिचा लाभ अज्ञानामुळे व घाईमुळे गमावला जावा, ही अधिक दुःखाची गोष्ट होय. शरीर थकले म्हणून माणसाची वर्षानुवर्षांची सेवा खोटी ठरत नाही. तिचे जे देणे आहे ते योग्य दाराने, योग्य वेळी व ताठ मानेने मागितले पाहिजे.